पहाटे चार वाजून एकवीस मिनिटे

“डॉक्टर, आईला रात्रीची झोप लागत नाही, काहीतरी गोळी द्या.” ही मागणी माझ्या दवाखान्यात आठवड्यातून चार-पाच वेळा तरी होते. बहुतेक वेळा ती मुलगा किंवा सून करते आणि ज्यांची झोप उडालेली असते त्या आजी शेजारच्या खुर्चीवर गप्प बसलेल्या असतात. आजच्या लेखात अशाच एका आजींची हकिगत सांगणार आहे. त्यांनी व त्यांच्या घरच्यांनी तशी परवानगी दिली आहे. या हकिगतीत माझ्या हातून झालेली एक चूक आहे आणि ती आपल्यापैकी अनेकांच्या घरी होत असावी, म्हणून ती लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

या आजींना गावात सगळे आक्का म्हणतात, मीही तेच म्हणतो. वय पंचाहत्तरीच्या आसपास, सांगलीजवळच्या एका गावात मुला-सुनेकडे वास्तव्य. रक्तदाब आहे, गुडघे दुखतात, बाकी प्रकृती काटक. यजमान गेल्यानंतर काही महिन्यांनी त्या पहिल्यांदा झोपेची तक्रार घेऊन आल्या. रात्री नऊला डोळा लागतो, पण चारच्या सुमारास दचकून जाग येते आणि मग झोप नाही. मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, वयोमानाप्रमाणे झोप कमी होते असे दोन शब्द बोललो आणि झोपेची अर्धी गोळी लिहून दिली. दोन वर्षांत अर्धीची एक झाली. या काळात मी त्यांना एकदाही विचारले नाही, की जाग आल्यावर तुम्ही काय करता, आणि चारच वाजता का?

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे आक्का न्हाणीघराच्या दारात पडल्या. उजव्या मनगटाचे हाड मोडले. खुब्याचे मोडले नाही, हे नशीब. झोपेच्या गोळीचा अंमल पहाटेपर्यंत राहतो, अंधारात तोल जातो, पाय अडखळतो. उतारवयात या गोळ्यांमुळे पडण्याचा आणि गोंधळल्यासारखे होण्याचा धोका वाढतो, हे मला पुस्तकातून पाठ होते. तरीही गोळी माझ्याच हाताने लिहिलेली होती.

प्लॅस्टर घातल्यानंतर सूनबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “डॉक्टर, आत्या अंधारात चपला शोधत होत्या. त्या चपला कायम उशाशी ठेवून झोपतात. खोलीच्या दाराला कडी लावू देत नाहीत, थंडीतसुद्धा. आम्ही विचारलं तर म्हणतात, सवय आहे.” मी विचारले, “आक्कांचं माहेर कुठलं?” उत्तर आले, “कोयनेकडचं.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटे. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात कोयनानगर परिसरात भूकंप झाला. वेगवेगळ्या मापनांनुसार त्याची तीव्रता ६.३ ते ६.६ रिश्टरच्या दरम्यान सांगितली जाते. पावणेदोनशे ते दोनशे माणसे दगावली, दोन हजारांच्या आसपास जखमी झाली, कोयनानगरातील बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. हादरा पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण धरण उभे राहिले आणि पुढे त्याला आधार देऊन मजबुती आणण्यात आली. मोठ्या जलाशयाच्या पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यांमुळे जमिनीखालचे आधीच ताणलेले खडक सरकतात. अशा प्रेरित भूकंपाचे कोयना हे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आहे. पाच किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त धक्के आजवर त्या परिसराने सोसले आहेत, आणि लहान धक्क्यांची तर गणतीच नाही. इतर ठिकाणी भूकंप होऊन जातो आणि मग पुनर्बांधणी सुरू होते. कोयनेच्या खोऱ्यात घर बांधून झाले, तरी ते घर पुन्हा पुन्हा थरथरते.

आक्का त्या वेळी सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. पहाटे उठून परसात पाणी तापत ठेवायचे, हे त्यांचे काम. त्या उठल्या तेव्हा सहा वर्षांचा धाकटा भाऊही जागा झाला आणि मागे लागला. आक्का त्याला म्हणाल्या, “झोप की रं, भाईर लई थंडी हाय.” त्याच्या अंगावर वाकळ घालून त्या परसात गेल्या. चुलीत काटक्या सारत असताना जमीन हलली आणि दगडमातीची भिंत आत कोसळली. आई-वडील वाचले. भाऊ वाचला नाही.

हे त्यांनी मला दवाखान्यात, हाताला प्लॅस्टर असताना, पंचवीस-तीस मिनिटांत सांगितले. त्याआधी सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांत त्यांनी हे कुणालाही पूर्ण सांगितले नव्हते. यजमानांना भाऊ गेल्याचे माहीत होते, पण “झोप” म्हटल्याचे माहीत नव्हते. मुलाला तर आपल्याला असा मामा होता हेच ठाऊक नव्हते.

वाचकहो, तरुणपणी दाबून ठेवलेले दुःख म्हातारपणी वर येते, हे डॉक्टरांना अनेकदा दिसते. कामाचा रेटा, मुलांचे संगोपन, शेती, पाहुणेरावळे यांत मन गुंतलेले असते. पुढे काम सुटते, जोडीदार जातो, दिवस रिकामा होतो आणि जुनी आठवण त्या रिकाम्या जागेत येऊन बसते. विशिष्ट तारीख, विशिष्ट वेळ, गाडीच्या धक्क्याने तावदाने वाजणे, एवढेही निमित्त पुरते. छाती धडधडते, घाम फुटतो, जाग येते. अशा वेळी नुसती गोळी देणे म्हणजे दारावर कोणी थाप मारत असताना कानात बोळे घालण्यासारखे आहे.

सगळ्याच निद्रानाशाचे मूळ मनात असते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. आक्कांच्या बाबतीतही दुसरी कारणे निघालीच. रक्तदाबाच्या औषधात लघवी वाढवणारा घटक होता आणि त्या ते रात्री घेत होत्या. मी ते सकाळवर नेले. उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, हे तपासले. झोपेची गोळी एकदम न तोडता काही आठवड्यांत थोडी थोडी कमी करून बंद केली. ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांनी ती कधीही आपल्या मनाने अचानक थांबवू नये, याची येथे आवर्जून नोंद घ्यावी. ज्येष्ठांच्या झोपेची तक्रार असेल तर रात्रीची लघवी, दुखणे, दमा, घोरता घोरता श्वास अडकणे, उदासीनता आणि चालू असलेली औषधे, या सगळ्यांचा विचार डॉक्टरांकडून करून घ्यावा.

प्लॅस्टर निघाल्यावर आक्कांनी मुलाला सांगितले, “मला एकदा वाडीला न्या.” आई-वडील गेल्यापासून त्या माहेरी गेल्या नव्हत्या. मुलगा घाबरून माझ्याकडे आला. माझे पहिले उत्तर होते, “नको. या वयात मनाला ताण कशाला?” मोठ्या भूकंपांनंतर हृदयविकाराचे प्रमाण वाढल्याचे मी वाचले होते. १९९४ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला, त्या दिवशी हृदय बंद पडून झालेल्या मृत्यूंची संख्या एकाएकी वाढली होती. पण तो प्रत्यक्ष भूकंपाचा धक्का होता. येथे एक वृद्ध बाई शांतपणे, स्वतःच्या इच्छेने, आपल्या गावी जाऊ पाहत होती. त्यांच्या छातीत कधी दुखले नव्हते, रक्तदाब आटोक्यात होता. मी नकार देत होतो तो त्यांच्या हृदयाच्या काळजीने की स्वतःच्या संकोचाने, असा प्रश्न मला पडला. दुसऱ्या दिवशी मी मुलाला फोन करून सांगितले, “जाऊ या. रविवार धरा, मीही येतो.”

आपल्या घरातील ज्येष्ठांना अशा ठिकाणी न्यायचे असेल, तर आम्ही काय केले ते सांगतो. आदल्या आठवड्यात रक्तदाब व हृदयाचा आलेख पाहून घेतला. दोन दिवसांची जादा औषधे बरोबर घेतली. सांगलीहून पेठ नाका, कराड, मल्हारपेठ, पाटण असा सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा रस्ता. तो एका दमात न करता दर दीड तासाने गाडी थांबवून आक्कांना पाच मिनिटे चालवले. जपानमध्ये २००४ साली चुएत्सु भागातील भूकंपानंतर अनेक लोक भीतीने गाडीतच झोपू लागले आणि पाय दुमडून तासन्‌तास बसल्यामुळे काहींच्या पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुप्फुसात गेल्या. प्रवास कोणताही असो, ज्येष्ठांच्या पायांची हालचाल आणि पुरेसे पाणी यांत कसूर करू नये. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आक्कांना निघतानाच सांगून ठेवले, “वाटेत केव्हाही परत फिरावंसं वाटलं तर नुसता हात करा. कुणी कारण विचारणार नाही.”

ऊसतोडीचे दिवस होते. कराडपर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या मागे मागे जावे लागले. पाटण सोडल्यावर डोंगर जवळ आले, तशा आक्का बोलायच्या थांबल्या. कोयनानगरात मुलाने विचारले, “नेहरू उद्यानातून धरण दिसतं, बघायचं का?” त्यांनी मान हलवली, “नगं.” आम्ही सरळ वाडीला गेलो.

वाडी ओळखू येत नव्हती. पूर्वीच्या दगडमातीच्या भिंती बहुतेक गेल्या आहेत. काही घरे विटा-सिमेंटची, काही पत्र्याची. एका घराच्या भिंतीला कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तिरकी भेग होती. ती लिंपलेली दिसत होती आणि लिंपणाच्या कडेने पुन्हा उकललेलीही दिसत होती. घरमालक म्हणाले, “दर दोन-चार वर्सांनी भरतो. बारका धक्का आला की परत उघडती.” त्यांच्या सांगण्यात तक्रार नव्हती, पावसाळ्याआधी कौले चाळावीत तसे ते सांगत होते. याच तालुक्यात जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीने आंबेघर, मिरगाव या गावांवर डोंगराचा कडा कोसळला आणि कित्येक कुटुंबे उद्‌ध्वस्त झाली. कोयनेच्या या माणसांच्या नशिबी उभारणीचे काम पुन्हा पुन्हा येते.

आक्कांच्या घराच्या जागी आता चुलतभावाच्या मुलाचे घर आहे. परसात फणसाचे झाड आहे, ते मात्र जुने. आक्का त्याच्या बुंध्याला टेकून बराच वेळ बसल्या. मी जरा दूर, नाडी पाहायची वेळ आलीच तर जवळ असावे एवढ्या अंतरावर उभा होतो. त्या रडल्या नाहीत. शेजारच्या घरातून त्यांच्याच वयाच्या एक बाई काठी टेकत आल्या. दोघींनी एकमेकींना ओळखायला क्षणभर वेळ लागला. मग त्या बाईंनी पहिले वाक्य उच्चारले ते आक्कांच्या भावाचे नाव घेऊन. “त्यो माझ्या भावाबरूबर गोट्या खेळायचा, आटवतंय नव्हं?” म्हणाल्या.

आक्कांनी माझ्याकडे वळून पाहिले आणि म्हणाल्या, “डॉक्टर, हिला नाव आटवतंय त्याचं.”

गुजरातमध्ये २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये भुजिया डुंगरावर स्मृतिवन उभारले गेले, तेथे मृतांची नावे कोरलेली आहेत. नाव घेतले जाणे हा शोकाच्या उपचाराचा केवढा मोठा भाग आहे, हे मला त्या परसात कळले. वाडीत स्मारक नाही, पण दोन म्हाताऱ्या बायका फणसाखाली बसून एका सहा वर्षांच्या मुलाविषयी तासभर बोलल्या. शेवटी आक्कांनी “झोप” म्हटल्याची गोष्टही सांगितली. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, “मी बी माझ्या आजीला हेच म्हनले हुते. सगळ्यांनीच म्हनलं असंल की गं. थंडीच तशी हुती.”

येथे सर्व काही बरे झाले, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. आक्कांना आजही चारच्या सुमारास जाग येते. फरक इतकाच, की त्या आता दिवा लावतात, पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसतात, मग उठून स्वयंपाकघरात चहा ठेवतात. कधी कधी नातू उठून त्यांच्याजवळ जाऊन बसतो आणि त्याला मामा-आजोबांच्या गोष्टी ऐकायला मिळतात. झोपेची गोळी बंद आहे. दाराला कडी अजूनही नसते आणि ती लावा असा आग्रह मी धरलेला नाही.

आता सांभाळ करणाऱ्यांसाठी चार शब्द.

घरातील ज्येष्ठ जुन्या संकटाविषयी बोलू लागले तर “आता कशाला ते, विसरा” असे म्हणू नये. खोदून खोदूनही विचारू नये. काम बाजूला ठेवून बसावे, त्यांना हवे तेवढे बोलू द्यावे, थांबले की थांबू द्यावे. “तुमची काही चूक नव्हती” हे वाक्य घाईने पुढे करू नये. आधी ऐकून घ्यावे. रात्री दचकून उठले तर दिवा लावावा, त्यांचे पाय जमिनीला टेकवून बसवावे, सावकाश लांब श्वास सोडायला सांगावे, “आपण घरी आहोत, मी इथे आहे” असे सांगून पाणी द्यावे. भूकंपाचा अनुभव घेतलेल्या काहींना जमीन हलत नसतानाही हलल्यासारखे वाटते. तरीही दरवेळी भास म्हणून सोडून देऊ नये. चक्कर, साखर किंवा रक्तदाब उतरणे आणि कानाचे दोष तपासून घ्यावेत. जेवण सुटणे, कोणाशी न बोलणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलून दाखवणे, ही लक्षणे दिसल्यास विलंब न लावता डॉक्टरांना गाठावे. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास निःशुल्क उपलब्ध असतो व तेथे मराठीतून बोलता येते.

दुसरी गोष्ट घराच्या तयारीची. आपल्याकडचे दोन मोठे भूकंप झोपेच्या वेळी झाले, कोयनेचा पहाटे चार एकवीसला आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना. किल्लारी परिसरात हजारोंचे प्राण गेले, ते मुख्यतः जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या भाराखाली. म्हणून ज्येष्ठांची खाट कोठे आहे, हे आजच पाहावे. खाटेच्या डोक्याशी जड कपाट, वर फळी, माळ्यावरचे पिंप किंवा भिंतीवर जड तसबीर असू नये. कपाट भिंतीला पक्के करून घ्यावे. घर जुने दगडमातीचे असल्यास जाणकार अभियंत्याकडून ते तपासून मजबूत करून घ्यावे.

धक्का बसत असताना ज्येष्ठांना ओढून पळवू नये. धावपळीत पडूनच अधिक इजा होते. पलंगावर असतील तर तेथेच राहून उशीने डोके आणि मान झाकावी. चाकाच्या खुर्चीत असतील तर चाके अडकवावीत, पुढे वाकून हातांनी डोके झाकावे. धक्का थांबल्यावर चपला घालून सावकाश बाहेर पडावे. उशाशी बॅटरी, चश्मा, कानाचे यंत्र, काठी आणि चपला असाव्यात. एका पिशवीत आठवडाभराची औषधे, औषधांची यादी, नातलगांचे फोन क्रमांक व पाण्याची बाटली ठेवावी. “आज रात्री अमुक वाजता भूकंप होणार” असे निरोप मोबाइलवर फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नये. भूकंप समजून घेण्यासाठी कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले आहे, कराडला त्याच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे, तरीही भूकंपाची वेळ आधी सांगणे अद्याप कोणालाही साधलेले नाही.

हे सर्व लिहिताना माझ्या लक्षात आले, की आक्का उशाशी चपला ठेवून झोपत होत्या, ते बरोबरच होते. त्या चपला अंधारात सापडतील अशा ठेवणे आणि जवळ एक दिवा देणे, एवढेच आमचे काम होते. आता त्यांच्या खाटेला एक छोटा दिवा बांधलेला आहे. पुढच्या वेळी कोणी माझ्याकडे झोपेची गोळी मागितली, तर मी प्रथम आजींकडे वळून विचारतो, “आजी, जाग आली की काय आठवतं?” आपणही आज संध्याकाळी घरात हा प्रश्न विचारून पाहावा, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.